गोव्याचं गेट, गणपतीचे चाकरमानी आणि ४८ तासांचं सर्टिफिकेट : साथीत किनारा उघडतात म्हणजे नक्की काय करतात

कोविडच्या साथीत, २०२० च्या जुलैत गोवा टुरिस्टांसाठी उघडला तेव्हा आमच्या सगळ्या ग्रुपांवर दोनच बाजू होत्या, एक म्हणायची लोकांना आजाराने मारायचंय का आणि दुसरी म्हणायची उपाशी मारायचंय का. दोन्हीकडची माणसं खरंच घाबरलेली होती आणि दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. पण त्या भांडणात गेट म्हणजे बॉर्डर उघडायची की नाही हे मुळात ठरवतात कसं, ते ४८ तासांच्या आतल्या निगेटिव्ह टेस्टचं सर्टिफिकेट आलं कुठून, कोणाला १४ दिवस वेगळं राहायचं कोणाला १० दिवस आणि कोणाला काहीच नाही असं का, हे कोणी नीट सांगतच नव्हतं. यामागे गणित आहे आणि ते शाळेतल्या गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही, म्हणून इथे जरा सावकाश मांडतोय.

आधी गोव्याचं चित्र डोळ्यासमोर आणा. लोकसंख्या साधारण १५ लाख, आणि २०१९ मध्ये आलेले टुरिस्ट साधारण ८० लाख. म्हणजे घरच्या एका माणसामागे वर्षाला पाच पाहुणे. त्यात सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे मार्च २०१८ पासून मायनिंग बंद, त्यामुळे टुरिझमवर आधीच जास्तीचं ओझं आलेलं. २५ मार्च २०२० ला पहिले तीन पेशंट सापडले, तिघेही परदेशातून प्रवास करून आलेले. पुढे आकडा सातपर्यंत गेला, १९ एप्रिलपर्यंत सातही जण बरे झाले, आणि १ मेला गोवा ग्रीन झोन, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा भाग ठरला. मग मेच्या मध्यावर वाहतूक थोडी सुरू झाली तशा बाहेरून येणाऱ्यांच्या केस परत दिसायला लागल्या, आणि जूनच्या सुरुवातीला वास्कोच्या मांगोर हिलला संसर्ग एकदम वस्तीतच सापडला, सगळा भाग कंटेनमेंट झोन म्हणून ये-जा बंद करून टाकला.

या दोन प्रकारांतला फरक समजला की अर्धा विषय समजला. पहिला प्रकार म्हणजे बाहेरून कोणीतरी आजार घेऊन येतो, तो सापडतो, वेगळा ठेवला जातो, तिथेच थांबतो. दुसरा प्रकार म्हणजे आजार गल्लीत एकाकडून दुसऱ्याकडे जायला लागतो आणि आता बाहेरून कोणी नाही आलं तरी वाढतच राहतो. वणव्याचं जसं असतं तसंच, गवत सुकं आणि आत कुठेच आग नाही अशा वेळी एक ठिणगीसुद्धा भारी पडते, पण डोंगर आधीच चहूकडून पेटलेला असेल तर बाहेरून आणखी दोन ठिणग्या पडल्याने फार फरक पडत नाही, तेव्हा पाणी आतच मारावं लागतं. म्हणून ‘बॉर्डर बंद ठेवा’ हा उपाय साथीच्या अगदी सुरुवातीला खूप कामाचा असतो आणि जसजशी आतली साथ वाढते तसतसा त्याचा उपयोग कमी होत जातो. एप्रिलमधल्या गोव्यासाठी बॉर्डर हेच सगळ्यात मोठं हत्यार होतं. ऑगस्टमधल्या गोव्यासाठी नव्हतं.

२ जुलै २०२० ला देशातल्या टुरिस्टांसाठी गोवा उघडला तेव्हा नियम साधारण असे होते. सरकारने परवानगी दिलेल्या हॉटेलातच राहायचं, आणि अशी साधारण अडीचशे हॉटेलं सुरुवातीला होती. बुकिंग आधीच केलेलं पाहिजे. येताना आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने मान्य केलेल्या लॅबचं, ४८ तासांच्या आतलं निगेटिव्ह सर्टिफिकेट आणायचं, नसेल तर बॉर्डरवर टेस्ट करायची आणि रिपोर्ट येईपर्यंत हॉटेलमध्ये थांबायचं. पॉझिटिव्ह निघालात तर परत तरी जा नाहीतर गोव्यातच उपचार घ्या. (टेस्टिंगसाठी ट्रूनॅट नावाची छोटी, बॅटरीवर चालणारी मशीनसुद्धा वापरली जायची, मुळात टीबीसाठी केलेली, आणि ती बनवणारी मोलबायो कंपनी गोव्यातलीच.)

आता ४८ तासांचंच का. टेस्ट ही त्या क्षणाची गोष्ट सांगते, पुढच्या आठवड्याची नाही. विषाणू अंगात शिरल्यावर पहिले काही दिवस तो इतका कमी असतो की नाकातून स्वॅब घेतला तरी हाती काही लागत नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२० मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून जो अंदाज काढला त्यात लागण झाल्याच्या पहिल्या दिवशी आरटी-पीसीआर (स्वॅबची लॅबमधली टेस्ट) जवळपास शंभर टक्के वेळा चुकून निगेटिव्ह यायची, चौथ्या दिवशी साधारण ६७ टक्के, लक्षणं सुरू होतात त्या पाचव्या दिवसाच्या आसपास ३८ टक्के, आणि आठव्या दिवशी सगळ्यात कमी म्हणजे साधारण २० टक्के. बघा, सगळ्यात चांगल्या दिवशीसुद्धा पाचातला एक सुटायचा. हे वाचून लगेच टेस्ट बकवास आहे असं म्हणू नका, पाचातले चार पकडणं ही मोठी गोष्ट आहे, फक्त निगेटिव्ह सर्टिफिकेट हातात असलेला माणूस म्हणजे स्वच्छ असं धरून चालायचं नाही. आणि सर्टिफिकेट जितकं जुनं तितकी मधल्या काळात नव्याने लागण व्हायला जागा जास्त, म्हणून ४८ तास. पण त्या काळात मुंबई-पुण्यात रिपोर्ट हातात यायलाच दीड-दोन दिवस लागायचे, त्यामुळे ४८ तासांत स्वॅब द्या, रिपोर्ट मिळवा आणि दहा-बारा तास गाडी चालवून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर पोचा, हे कागदावर सोपं आणि प्रत्यक्षात फार थोड्यांना जमणारं होतं.

नुसतं उदाहरण म्हणून आकडे घेऊ, हे कुठल्या खऱ्या दिवसाचे नाहीत. समजा एका दिवशी १००० पाहुणे निघाले आणि ज्या शहरांतून ते निघालेत तिथे हजारी ५ जणांना लागण आहे. टेस्टने ५ पैकी ३ पकडले. २ आत आले. ते दोघं चार दिवस राहिले, हॉटेलच्या रिसेप्शनवर, टॅक्सीत, बारमध्ये बसले, आणि समजा प्रत्येकाने एकाला आजार दिला. म्हणजे रोज दोन नवीन स्थानिक केस. आता महत्त्वाचा प्रश्न हा की त्या दोघांपासून पुढे काय होतं. आतल्या लोकांमध्ये एक माणूस सरासरी एकापेक्षा कमी जणांना आजार देत असेल तर ती साखळी आपोआप विझते. एकापेक्षा जास्त देत असेल तर रोजच्या दोन केसमधून एक नवी लाट उभी राहते. म्हणजे गेटवरची टेस्ट फक्त किती आत येतात हे ठरवते, आत आल्यावर काय होणार हे रूम साफ करणारी बाई आजारी पडली तर तिला पगारी सुट्टी मिळते का, तिची टेस्ट त्याच दिवशी होते का, आणि ती किती जणांसोबत एका खोलीत राहते, यावर ठरतं. आमच्या सगळ्या चर्चा गेटवर अडकल्या आणि या बाईबद्दल कोणी बोललंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

किती आत येतात आणि आत एक जण किती जणांना देतो, यानंतरचा तिसरा आकडा म्हणजे बेड. चीनमधल्या सुरुवातीच्या पेशंटांवरून २०२० मध्ये सगळे एक ढोबळ हिशोब वापरायचे, ८१ टक्के सौम्य, १४ टक्के गंभीर, ५ टक्के अतिगंभीर. आता एखादं छोटं ठिकाण घ्या जिथे व्हेंटिलेटर आणि ते चालवणारी माणसं धरून ३० जणांची सोय आहे. नव्या केस दर आठवड्याला दुप्पट होतायत. पहिल्या आठवड्यात २०, मग ४०, ८०, १६०, ३२०, ६४०. त्या सहाव्या आठवड्याच्या ६४० मधले ५ टक्के म्हणजे ३२ जण. सोय संपली. आणि हे फक्त एका आठवड्याचे पेशंट, आधीचे अजून बेडवरच आहेत. मुंबईत बेड संपले तर बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) मैदानावर जम्बो हॉस्पिटल उभं राहिलं. गोव्यात भार मुख्यतः मडगावचं ईएसआय हॉस्पिटल आणि बांबोळीचं जीएमसी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज यांच्यावर होता. सिंधुदुर्गात गंभीर पेशंटला एरवीसुद्धा गोव्याला नाहीतर कोल्हापूरला न्यायची पद्धत. म्हणून किनाऱ्यावरच्या छोट्या जागेत आजचा केसचा आकडा बघून गेट उघडता येत नाही. आज उघडलं तर त्याचा हॉस्पिटलवरचा परिणाम तीन-चार आठवड्यांनी दिसतो, तोवर पाहुणे घरी पोचून फोटोसुद्धा टाकून झालेले असतात.

या हिशोबात २ जुलै ही तारीख मला तेव्हाही पूर्ण वेडेपणाची वाटली नव्हती. भर पावसाळा, समुद्र खवळलेला, शॅक म्हणजे वाळूवरची झोपडीवजा हॉटेलं बंद, पाहुणे तसेही कमीच येणार. ऑफ सीझनला थोडं उघडायचं, थोड्या हॉटेलांना परवानगी द्यायची आणि आपली टेस्टिंगची, चौकशीची सगळी यंत्रणा चालते का ते बघून घ्यायचं, हा शहाणपणाचाच मार्ग आहे. अडचण वेगळीच झाली. तोपर्यंत आतली साथ वाढत चालली होती आणि जुलैच्या मध्यावर सरकारलाच १७ ते १९ तीन दिवसांचं लॉकडाऊन आणि १० ऑगस्टपर्यंत रात्री ८ ते सकाळी ६ जनता कर्फ्यू लावायला लागला. म्हणजे पाहुण्यांना या म्हणायचं आणि घरच्यांना बाहेर पडू नका म्हणायचं, एकाच महिन्यात. साध्या माणसाला यातून काय समजणार? नियमांवरचा विश्वास अशाने उडतो, आणि तो उडाला की मास्कपासून टेस्टपर्यंत सगळंच ढिलं होतं.

मग १ सप्टेंबर २०२०. बॉर्डर उघडी, सर्टिफिकेटची अट काढली, बार-रेस्टॉरंट सुरू. लोकांना धक्काच बसला की केस जास्त असताना अट काढतायत. त्यात केंद्राने राज्याराज्यांमधली ये-जा अडवू नका असं सांगितलं होतं हे एक कारण, आणि दुसरं कारण आपण वर बघितलं ते, आत आणि बाहेर साथ सारखीच असेल तर गेटवर अडवून फार काही हाती लागत नाही. तिसरं कारण पैशाचं. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना दिलेली सवलत ३१ ऑगस्टला संपली, म्हणजे टॅक्सीचा, बोटीचा, हॉटेलच्या नव्या मजल्याचा हप्ता सप्टेंबरपासून परत सुरू. हप्ता काही केसचा आकडा बघून थांबत नाही. कॅसिनो मात्र १ नोव्हेंबरला उघडले. एसी, बंद खोली, तासन् तास एका टेबलावर माणसं, त्यामुळे ते शेवटी उघडले हे बरोबरच होतं, माझ्या मते तेव्हाही लवकरच.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या वर्षी सगळा जोर सॅनिटायझरवर आणि टेबल पुसण्यावर होता. आजार मुख्यतः हवेतून, बंद जागेत जास्त पसरतो हे पुढे स्पष्ट होत गेलं. त्या नजरेने बघितलं तर किनाऱ्यावरची सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे खुद्द किनारा, मोकळी वाळू आणि समुद्राचा वारा. धोका होता तो काचा लावून एसी चालवत आलेल्या गाडीत, बारमध्ये, आणि कामगारांच्या दाटीवाटीच्या खोल्यांत. आणि बऱ्याच ठिकाणी पोलीस माणसं हाकलत होते ती वाळूवरून.

आता आपल्या कोकणाकडे या, कारण खरी गुंतागुंत इथे आहे. गोव्यात येतो तो टुरिस्ट. गणपतीला सिंधुदुर्ग-रत्नागिरीत येतो तो चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईला गेलेला गावचाच माणूस, आणि त्याला पाहुणा म्हणायची हिंमत कोणाची? घर त्याच्याच नावावर, गणपती त्याच्या हाताने बसणार, म्हातारे आईवडील वाट बघतायत. ‘येवा, कोकण आपलाच असा’ म्हणणाऱ्या गावांनीच मार्च-एप्रिलमध्ये रस्त्यावर झाडं आडवी टाकून गावबंदीचे बोर्ड लावले होते. तेव्हा त्यावर सोशल मीडियावर फार कडवट बोललं गेलं. पण आकडे बघा. २००१ ते २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या कमी झाली, सिंधुदुर्ग साडेआठ लाखांच्या आसपास. तरणी माणसं मुंबईला, गावात उरतात ती म्हातारी. या आजारात सगळ्यात जास्त धोका कोणाला, तर म्हाताऱ्यांना. आणि माणसं येणार कुठून, तर तेव्हा देशात सगळ्यात जास्त पेशंट असलेल्या मुंबईतून. गावाची भीती अडाणीपणाची नव्हती. गावात शंभर घरं, एक आरोग्य उपकेंद्र, आणि सुरुवातीला तर स्वॅब तपासायला मिरजेला पाठवायचे, जून २०२० मध्ये रत्नागिरीत लॅब सुरू झाली तेव्हा कुठे जरा हायसं वाटलं.

टुरिस्ट आणि चाकरमानी यांच्यातला फरक आजाराच्या बाजूनेही मोठा आहे आणि तो फार कमी लोकांनी मांडला. टुरिस्ट खूप लोकांना भेटतो पण थोडा थोडा वेळ, आणि रात्री आपल्या खोलीत जातो. चाकरमानी मोजक्याच लोकांना भेटतो पण ते सगळे एकाच घरात, एका पंगतीला, एका माजघरात झोपणारे, आणि त्यात सत्तरीचे आजी-आजोबा. त्याच्या बाबतीत हॉटेलचे नियम निरुपयोगी. त्याला द्यायला एकच गोष्ट कामाची, ती म्हणजे दिवस.

आणि तिथेच १४ की १० हा वाद आला. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच दिवस, आणि ज्यांना लक्षणं येतात त्यांच्यातल्या साधारण साडेसत्याण्णव टक्के लोकांना ती साडेअकरा दिवसांच्या आत येतात, असा २०२० च्या मार्चमधला अभ्यास होता. १४ दिवस ठेवले तर जवळपास सगळेच त्यात येतात. १० दिवस ठेवले तर बहुतेक येतात, थोडे सुटतात. त्या वर्षी गणेश चतुर्थी होती २२ ऑगस्टला. राज्य सरकारने ६ ऑगस्टपासून चाकरमान्यांसाठी एसटी सोडल्या, एसटीने जाणाऱ्याला ई-पास (दुसऱ्या जिल्ह्यात जायचा सरकारी परवाना) नको, घरी दहा दिवस वेगळं राहायचं, आणि १२ ऑगस्टनंतर निघणाऱ्याने मात्र आधी कोविडची टेस्ट करून निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन यायचं. कॅलेंडर काढून बघा, २२ मधून १० वजा केले की १२. त्या तारखेमागे एवढंच गणित होतं. जो दहा दिवस आधी पोचला त्याला दिवसांनी तपासलं, जो उशिरा निघाला त्याला टेस्टने. वर बघितलं त्याप्रमाणे टेस्ट एकटी कमी भरवशाची, पण नोकरी करणाऱ्या माणसाला दहा दिवस आधी रजा मिळणार कशी? ज्याची नोकरी लॉकडाऊनमध्ये गेली होती तो लवकर आला, ज्याची टिकली होती तो उशिरा. नियम सगळ्यांना सारखे, पण पाळणं कोणाला परवडतं ते प्रत्येकाचं वेगळं.

आणि दहा दिवस राहायचं कुठे? मे महिन्यात गावच्या शाळा क्वारंटाइन सेंटर झाल्या होत्या. वर्गातले बाक कडेला लावून जमिनीवर गाद्या, दोन संडास, घरून डब्यात पेज आणि कालवण यायचं, डबा कुंपणाबाहेर ठेवायचा आणि चार पावलं मागे जायचं. आई बाहेर उभी आणि मुलगा आत, दोघं मोठ्याने बोलतायत. ज्यांची घरं मोठी, मागीलदाराला वेगळी खोली, त्यांना घरीच राहू दिलं गेलं. हे सगळं सांभाळलं ते सरपंच, पोलीस पाटील, आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांनी. आशाताई घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन बघायच्या, शिव्या खायच्या, आणि मिळणारा मोबदला इतका तुटपुंजा की सांगायला लाज वाटावी. ज्या गावात कोण कधी आला याची वही नीट लिहिली जायची आणि आलेल्याशी माणुसकीने वागलं जायचं तिथे लोक स्वतःहून सांगायचे की मी काल रात्री आलोय. जिथे वाळीत टाकल्यासारखं वागवलं तिथे लोक रात्री लपून यायचे आणि ताप लपवायचे.

पर्यटनाचं म्हणाल तर मालवण-तारकर्लीचं २०२० चं गणित गोव्यापेक्षा वाईट होतं, कारण मे महिन्याचा सीझन पूर्ण गेला आणि लगेच पावसाळा. इथे वॉटर स्पोर्ट्स, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, सगळं मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंदच असतं. राज्यातल्या हॉटेलांना ८ जुलैपासून ३३ टक्के क्षमतेने परवानगी मिळाली, सप्टेंबरच्या सुरुवातीला ई-पास गेला, रेस्टॉरंट ५ ऑक्टोबरपासून. आता ३३ टक्के म्हणजे काय ते तारकर्लीच्या एका घरात बघा. आमच्या ओळखीच्या एका काकूंचा होमस्टे आहे, घराच्या मागे तीन खोल्या, बँकेचं कर्ज काढून बांधलेल्या, पडवीत जेवण, सुरमई थाळी आणि सोलकढी. ३३ टक्के म्हणजे एक खोली. एक खोली भरली तरी मासे आणायचे, चूल पेटवायची, कामाला एक बाई ठेवायची, खर्च तोच. पाहुणे गेले की काकू खोली दोन दिवस उघडी टाकून ठेवायच्या, चादरी स्वतः धुवायच्या कारण कामवाल्या बाईच्या घरी तान्हं मूल. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर चालणाऱ्या खोलीचे असे मधले दिवस गेले तरी चालतात, पण दिवाळीच्या सलग सुट्टीत दोन दिवस म्हणजे अर्धी कमाई. मोठ्या रिसॉर्टला जे नियम म्हणजे फक्त एक फाइल, ते काकूंसाठी घराचा हप्ता होते.

बाहेरच्या जगाने काय केलं तेही थोडक्यात बघू, कारण त्यातून आपल्याकडे काय शक्य होतं आणि काय नव्हतं ते कळतं. मालदीवने १५ जुलै २०२० लाच दार उघडलं आणि सुरुवातीला तर टेस्टही मागितली नाही, ती १० सप्टेंबरपासून मागितली. हे धाडस त्यांना झेपलं कारण तिथे एक रिसॉर्ट म्हणजे एक अख्खं बेट, पाहुणा विमानतळावरून बोटीने थेट तिथेच. स्थानिक लोकांच्या बेटांवरचे गेस्टहाउस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवले होते. तरी २०१९ ला १७ लाख आलेले पाहुणे २०२० मध्ये साडेपाच लाखांवर आले. थायलंडच्या फुकेतने वेगळी वाट धरली. आधी बेटावरच्या साधारण ७० टक्के लोकांना लस देण्याचं ध्येय ठेवलं, कामगारांसकट, आणि मग १ जुलै २०२१ ला लस घेतलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी दार उघडलं. १४ रात्री बेटावरच, मधे तीन टेस्ट, ठरलेली हॉटेलं, एक लाख डॉलरचा विमा. पाहुण्यांत पॉझिटिव्ह निघायचं प्रमाण अगदी कमी राहिलं. पण त्याच सुमाराला बाकी थायलंडमध्ये डेल्टा या विषाणूच्या नव्या प्रकाराची लाट आली, आजार बेटावर देशाच्या आतूनच शिरला, आणि ऑगस्टमध्ये फुकेतने दुसऱ्या प्रांतातल्या थाई लोकांनाच बंदी केली. परदेशी माणूस येऊ शकतो आणि आपला माणूस नाही, हे ऐकायला किती वाईट वाटतं, पण तपासलेला आणि लस घेतलेला कोण एवढंच बघितलं तर ते बरोबर होतं.

तीन टेस्ट का, तर पहिली पोचल्यावर, दुसरी सहा-सात दिवसांनी, तिसरी बारा-तेरा दिवसांनी. पहिल्या टेस्टला जो अगदी ताजा म्हणून सुटला तो दुसरीला सापडतो. आपल्याकडे चार दिवसांच्या ट्रिपला येणाऱ्या माणसाला हे लावणार कसं? त्याची दुसरी टेस्ट व्हायची वेळ येईपर्यंत तो ठाण्याला घरी पोचलेला. म्हणून आपल्याकडे पाहुण्यापेक्षा यजमानाची टेस्ट वरचेवर करणं जास्त कामाचं होतं. दर आठवड्याला शॅकमधली पोरं, टॅक्सीवाले, होडीवाले, रूम साफ करणाऱ्या बायका यांची फुकट टेस्ट आणि पॉझिटिव्ह आला तर त्या दिवसांचा पगार. रोजावरच्या माणसाला पॉझिटिव्ह म्हणजे दोन आठवडे शून्य कमाई हे माहीत असेल तर तो टेस्टला येईलच कशाला. मला विचाराल तर सगळ्या ‘रीओपनिंग’मधली सगळ्यात मोठी उणीव हीच होती, पाहुण्यांच्या कागदांसाठी नियम झाले आणि कामगाराच्या पगारासाठी झाले नाहीत.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये डेल्टाची लाट आली तेव्हा गोव्यात अशी वेळ आली की टेस्ट केलेल्या दोघांपैकी एक पॉझिटिव्ह. ही लाट टुरिस्टांनी आणली असं म्हणायला मी तयार नाही, ती देशभर होती आणि गेट बंद असतं तरी आलीच असती, फार तर थोडी उशिरा. पण उशिरालाही किंमत असते, तेवढ्यात ऑक्सिजनचा टँक बसवता येतो, लस देता येते. मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने आदेश दिला तेव्हा १० मेपासून निगेटिव्ह सर्टिफिकेटची अट परत आली, ९ मेपासून कर्फ्यू लागला. ११ मेला पहाटे जीएमसीत २६ पेशंट दगावल्याचं खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं, ऑक्सिजनच्या पुरवठ्याचा प्रश्न कोर्टात गेला. बेडचं गणित वर मांडलंय ते इथे खरं झालं, आणि त्यात बेडपेक्षा आधी ऑक्सिजन संपतो हे कळलं.

लस आल्यावर गणितातला एकच आकडा बदलला, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा. लस घेतलेल्यालाही लागण होते आणि तो दुसऱ्याला देतोही, फक्त हॉस्पिटलपर्यंत पोचणारे फार कमी होतात. जानेवारी २०२२ ला ओमायक्रॉन आला तेव्हा गोव्यात पॉझिटिव्हिटी, म्हणजे टेस्टमध्ये पॉझिटिव्ह निघायचं प्रमाण, परत ४० टक्क्यांच्या आसपास गेली. आदल्या मे महिन्यात अशा आकड्यावर जीएमसीच्या वऱ्हांड्यात पेशंट जमिनीवर होते, या वेळी तशी वेळ आली नाही, आणि फेब्रुवारीत विधानसभेचं मतदानसुद्धा ठरल्या दिवशी झालं. तारकर्लीच्या काकूंनी त्या हिवाळ्यात तिन्ही खोल्या दिल्या. कामाला येणाऱ्या बाईचे दोन्ही डोस झाले आहेत ना हे मात्र त्यांनी पाहुण्यांच्या सर्टिफिकेटच्या आधी विचारलं होतं.